तीन पायऱ्या, कठडा आहे

११ नोव्हेंबर, मंगळवार
आठ जणांचे फॉर्म फोनवर भरून झाले. घसा बसला. गुहागरकडची सहल २१ ला. ह्यांच्याशिवाय पहिली. अडीच महिने झाले हे जाऊन, तरी लोक अजून आधी तेच विचारतात, "भाऊंनी बघितलंय ना?" हो म्हणते. बघितलंयच. एप्रिलमध्ये एकटे गाडी घेऊन गेले होते. वही समोर आहे. "तीन पायऱ्या, कठडा आहे. कमोड उंच, उठताना धरायला दांडी. न्हाणीला उंबरा नाही."
आमचं ठरलेलं. जागा ह्यांनी बघायची, माणसं मी. म्हाताऱ्या माणसांच्या सहली म्हणजे निम्मं काम पायऱ्यांचं नि कमोडचं. हे प्रत्येक कमोडवर बसून बघायचे. एकदा मॅनेजरने दार उघडलं तर आत हे पँटसकट बसलेले, हातात टेप. महिनाभर हसत होतो.
माझा फॉर्म बावीस प्रश्नांचा. गुडघे, बी.पी., रात्री किती वेळा उठता. जिना चढताना दम लागतो का, मध्ये थांबावं लागतं का. माणूस खोटं बोलला तर आवाजावरून ओळखते मी.

१४ नोव्हें., शुक्रवार
वटारला ब्रिजितमावशींकडे. वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले. सात वर्षांत चर्च आणि दवाखाना सोडून कुठे नाही. त्यांच्या मुलाचा विरोध. "आई पडली तर कोण जबाबदार?" मावशी केळीच्या पानावर वाटाणे सोलत बसलेल्या. म्हणाल्या, "मला एकदा दुसऱ्याच्या घरचा चहा प्यायचाय. सकाळी उठून खिडकीतनं दुसरं काहीतरी दिसू दे. तीन पायऱ्या ना? भाऊने बघितल्यात. तीन मी चढीन."
दमाचं विचारलं. "दम मजबूत आहे. क्वायरमध्ये गात होते मी."
मुलाला वही दाखवली. ह्यांचं अक्षर बघितलं आणि तयार झाला.

१९ नोव्हें., बुधवार
औषधांच्या डब्या, गरम पाण्याची पिशवी, घडीची खुर्ची. सगळं एकटीने.
दूध घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावर नोटीस बोर्ड. हे रोज तिथे थांबून अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि वर येऊन मला बातम्या. टाकी धुणार आहेत, लिफ्टचं परत पुढे ढकललं. मी म्हणायचे, एवढी हौस आहे तर सेक्रेटरी व्हा. आज मी न वाचताच वर आले.
ह्यांच्या शेवटच्या दिवशीच्या त्या हार्टच्या डॉक्टरची आठवण आली. "त्रास आधीपासून असणार, हे एका दिवसाचं नाही." वॉर्डातच भांडले त्याच्याशी. चाळीस वर्षं संसार केलाय, मला कळलं नसतं का?

२१ नोव्हें., शुक्रवार
तीन नाहीत. बावीस आहेत.
गाडी रस्त्यावर थांबली आणि वर बघितलं तर चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, सरळ अंगणापर्यंत चढत गेलेली. कठडा बिठडा काही नाही. अंगण ओलांडलं की व्हरांड्याला तीन पायऱ्या. तिथे कठडा आहे.
बाकीचे हळूहळू गेले. मावशी सातव्या पायरीपर्यंत माझ्या हाताला धरून. मग ना वर ना खाली. शेवटी घडीच्या खुर्चीत बसवून ड्रायव्हर आणि घराच्या मालकाने उचललं. साडी सावरत डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. वर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "मुलाला सांगू नको."
मला धरणी ठाव देईना. ह्यांची चूक? ह्यांची? अर्ध्या इंचासाठी परत दरवाजा मोजणारा माणूस.

२२ नोव्हें., शनिवार
सकाळीच मालकाला धरलं. म्हटलं, आमच्या माणसाने एप्रिलमध्ये येऊन बघितलं, तेव्हा ही पाखाडी नव्हती का?
तो गोंधळला. "वहिनी, साहेब वर आलेच नव्हते. गाडीतच होते. दार उघडं, पाय बाहेर, शर्टाची बटणं सोडलेली. घामाने भिजलेले. मी पाणी नेलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, ऊन लागलंय. मग मलाच एकेक विचारून लिहून घेतलं. पायऱ्या किती म्हणाले. मी व्हरांड्याच्या सांगितल्या. पाखाडी कोण मोजतो, आम्ही जन्मापासनं चढतोय."
मग चाचरत, "जाताना म्हणाले, बायकोचा फोन आला तर मी वर खोल्या बघतोय म्हणून सांगा."
फोन मीच केला होता. आठवतं. "झालं का? इथे लोक विचारून विचारून जीव खातायत. लवकर पाठवा ना." हे म्हणाले, "झालं गं. तीनच पायऱ्या. मस्त जागा आहे." आवाजावरून ओळखते म्हणे मी.

दुपारी मावशीजवळ बसले. खिडकीतून सुपारीची झाडं. चहा दोनदा मागून घेतला त्यांनी. सगळं सांगून टाकलं. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला विचारलंस ना एवढं सगळं, दम लागतो का, मध्ये थांबते का. त्याला विचारलं होतंस?"
उठून बाहेर गेले. राग आला. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

२४ नोव्हें., सोमवार
परत आलो. सगळे खूश, मावशीसुद्धा. उतरताना परत खुर्ची, पण या वेळी डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. वटारला सोडलं तेव्हा मुलाला म्हणाल्या, "तीनच पायऱ्या होत्या." ह्यांची लाज राखली त्या बाईने. मी गाडीत बसून रडले. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.

२७ नोव्हें., गुरुवार
आज जिना मोजला. दुसरा मजला, छत्तीस पायऱ्या. अठराव्यावर नोटीस बोर्ड.
उभी राहिले. बोर्डावर एकच कागद, अजून दिवाळीच्याच वर्गणीचा. चार ओळी. त्या वाचायला किती वेळ लागतो? आणि हे दहा-दहा मिनिटं...
बातम्या आणत होते माझ्यासाठी. वर येईपर्यंत श्वास जागेवर यायचा, मग दारातून आवाज द्यायचे. आणि मी आत पोळ्या लाटत हसत होते. सेक्रेटरी व्हा म्हणे.
का नाही सांगितलंत? मी ओरडले असते म्हणून? सहली बंद केल्या असत्या म्हणून? केल्याच असत्या. घरात बसवलं असतं. जिवंत तरी असतात.
बावीस प्रश्न. साडेतीनशे माणसांचे फॉर्म कपाटात आहेत. तुमचा नाही.
जेवले नाही.

२८ नोव्हें., शुक्रवार
कोरा फॉर्म काढला. वर ह्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. सातव्या प्रश्नाशी अडकले. जिना चढताना दम लागतो का. फाडला.

२ डिसेंबर, मंगळवार
बोळिंजच्या देसाईबाईंचा फोन. जानेवारीच्या सहलीला त्या आणि त्यांचे मिस्टर. मिस्टरांना एकदा ते डोंगरावरचं देऊळ बघायचंय. "भाऊंनी बघितलंय ना?"
वही उघडली. जूनमधलं पान. "देवळाच्या पायऱ्या एकतीस. सोळाव्यावर बसायला कट्टा, वर सावली. ज्यांना जमेल त्यांनीच."
एप्रिलनंतरची अशी पाच पानं आहेत. कुठलं खरं, कुठलं गाडीत बसून लिहिलेलं, काही कळायला मार्ग नाही. अक्षर सगळीकडे सारखंच, सरळ.
देसाईबाईंना म्हटलं, मी स्वतः जाऊन बघते, मग सांगते.
"अहो, तुम्ही कशाला त्रास घेता? भाऊंनी बघितलंय म्हणजे..."
सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.
शुक्रवारची गाडी ठरवली आहे. टेप पर्समध्ये टाकली.
पायऱ्या एकतीस नसल्या, तर हे खालीच गाडीत एकटे बसून राहिले होते. आणि एकतीसच निघाल्या, तर तसल्या छातीने चढले, सोळाव्यावर त्या कट्ट्यावर बसले, आणि मग उरलेल्या पंधरा चढले.