विटांना पाजलेलं पाणी

अब्बा, काल मी वर्गात रजिस्टर आपटलं. अकोल्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवते तिथली चार मुलं पुढच्या महिन्यात परदेशातल्या खेड्यांत चालली आहेत, तिथल्या लोकांबरोबर राहून, राबून शिकायला. एकीने विचारलं, मॅडम, तिथली भाषा येत नाही, कसं व्हायचं? दुसरी म्हणाली, दुभाषी असतो ना, तो सगळं सांगतो. एवढंच. रजिस्टर असं आदळलं की पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला आणि पुढच्या बाकावरची पोरगी रडायला लागली. तिची काही चूक नव्हती. तुमचा राग माझ्यात उतरलाय असं अम्मी म्हणते, पण तुम्ही रागात कधी वस्तू फोडली नाहीत. तुम्ही नुसती हातातली गवंडीकामाची थापी खाली ठेवायचात आणि समोरच्याला घाम फुटायचा.

ते सहा परदेशी विद्यार्थी तुम्ही विसरला नव्हतातच. त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरच्यांची रीघ लागली होती. इथल्या शेतकऱ्यांची मरणं ऐकून कोणी फोटो काढायला यायचं, कोणी प्रश्नांचे कागद घेऊन. हे सहा मात्र त्यांच्या विद्यापीठातून काम करायला आले होते, तिवस्याजवळच्या आपल्या गावात, खालच्या मोहल्ल्यासाठी पाण्याची टाकी बांधायला. मिस्त्री तुम्ही, आणि अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मी दुभाषी. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या उंच पोराने तुमची थापी उचलली आणि तुम्ही त्याच्या मनगटावर फटका मारलात. "आठ दिवस घमेलं वाह्यल्याशिवाय थापीले हात नाई," तुम्ही म्हणालात. "सांग त्याले." मी त्याला सांगितलं, अब्बा म्हणतात आधी घमेली उचलून बघा, मजा येईल. तो हसला. तेव्हापासूनच मी सगळ्यांच्या बोलण्याला साखर लावत होते. त्यांना आपलं गाव आवडायला हवं होतं. खरं तर मी आवडायला हवी होते. त्यांच्याबरोबर आलेल्या प्राध्यापक बाईंनी सांगितलं होतं, तिकडे शिकायला यायचं असेल तर त्या माझ्यासाठी पत्र लिहितील.

भांडण विटांवरून पेटलं. एप्रिलचे दिवस, वरच्या आळीत नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि तुम्ही दोन ड्रम भरून विटा भिजत घातलेल्या. कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि भिंत कच्ची राहते, हे मी तुमच्याकडून लहानपणापासून ऐकत आले होते. पाणी कितीही कमी असो, तुम्ही वीट कोरडी लावली नसती. संध्याकाळी वरच्या आळीतला पहिलवान पाच-सहा माणसं घेऊन आला आणि त्याने ड्रमला लाथ मारली. "आमच्या लेकरायले प्याले पाणी नाई, अन् तुमी इटायले पाजून राह्यले? वरतून आमच्याच लाइनीतून पाइप काढता?" मग माझ्याकडे वळला. "सांग तुह्या पाहुण्यायले. उद्या इथं कोणी दिसला तर हातपाय तोडून याच टाकीत गाडतो." सहा चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, गावकऱ्यांना पाण्याची थोडी काळजी वाटते, पण तुमच्या कामाचं त्यांना कौतुक आहे. उंच पोराने पहिलवानाला हात जोडून नमस्कार केला. पहिलवान त्याच्याकडे बघतच राहिला.

घरी येताना तुम्ही विचारलंत, "सांगतलं ना त्यायले बराबर?" मी हो म्हटलं. "मंग काय म्हणतात?" मी म्हटलं, काम पुरं करू म्हणतात. "मी तं उद्या काम बंद ठेवणार होतो," तुम्ही म्हणालात. "पण परमुलखातले पोट्टे उभे राह्यतात, अन् मी मिस्त्री असून घरी बसू?" तेव्हाही मला बोलता आलं असतं. पोळ्या झाल्या, आपण जेवलो, मी झोपले.

सकाळी आठला वरच्या आळीतले येतात. पंधरा-वीस जण, काठ्या आणि सब्बली, लोखंडी पहारी, घेऊन. पहिली सब्बल टाकीच्या भिंतीत घुसते, माल अजून ओलाच आहे, भिंत आत कोसळते. उंच पोरगा हसत पुढे जातो, त्याला वाटतं लोक मदतीला आलेत. काठी त्याच्या तोंडावर बसते. दात आणि रक्त त्याच्या शर्टावर पडतं, तरी त्याला काही कळत नाही, तो माझ्याकडे बघतो, मी सांगेन म्हणून. तुम्ही मधे पडता. ते तुम्हाला विटांच्या ढिगावर पाडतात. दोघं छातीवर बसतात, एक जण तुमचा उजवा हात विटेवर ताणून धरतो आणि पहिलवान सब्बलीच्या बोथट टोकाने मारतो. चार वेळा. दुसऱ्या वेळी हाड मोडतं, तो आवाज मी ओळखते. मी वीट उचलून त्याच्या पाठीत घातली. दुसरी उचलली ती डोक्यात घालायला, पण मागून कोणीतरी माझे केस धरून मला ओढलं. मला त्याला जिवे मारायचं होतं, अब्बा. आजही तो रस्त्यात दिसला की माझी बोटं वीट शोधतात.

पोलिसांनी पकडलेला पहिलवान काही महिन्यांत सुटून आला. पाहुणे त्याच आठवड्यात गेले. बाईंचं पत्र आलं, मी तिकडे दोन वर्षं शिकून आले. तुम्ही शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बाजारात डाव्या हाताने फळं निवडत बसलात. थापी कधीच हाती न मिळालेल्या त्या पोरांचं कौतुक मात्र तुम्ही चहाच्या टपरीवर, लग्नात, दवाखान्यात, जो ऐकेल त्याला सांगायचात. वाकडा हात पुढे करून म्हणायचात, "धमकी ऐकून बी एक पोट्टा हटला नाई. शेर होते शेर." लोक माना डोलवायचे. घरी हे सुरू झालं की मी उठून आत जायची आणि उगाच भांडी आपटायची.

त्यांनी धमकी ऐकलीच नव्हती, अब्बा. माझ्याखेरीज, धमकी माहीत असून त्या सकाळी फक्त तुम्हीच गेला होतात, आणि तेही माझ्या खोट्यापायी.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "त्या लंब्याले लिही. म्हणाव, मिस्त्री तुले सलाम सांगते." मी लिहिते म्हटलं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. तुमचा सलाम मी त्याला अजून कळवलेला नाही.