साडूंचा ट्रेड

७ जून २००९, रविवार
हरलो. वाईट हरलो. येताना गाडीत मी गप्प, मुकुंदराव बोलतायत. मुकुंदराव म्हणजे माझे थोरले साडू, सुनीताच्या मीनाताईंचे यजमान. हरण्याचं त्यांना काही वाटत नाही. रविवारी बूट घालून कुठेतरी वेळेवर पोचायचंय, एवढ्यावरच खूश. फेब्रुवारीत कंपनीने घरी बसवल्यापासून एरवी बेसमेंटमध्ये रेझ्युमे दुरुस्त करत बसलेले असतात.

खेळतो तो सॉफ्टबॉल, पण म्हणताना सगळे ऐटीत बेसबॉलच म्हणतात. मॅच संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये शिरीषने मला बाजूला घेतलं. कॅप्टन आहे ना. "बॅटिंगचं काहीतरी करायला पाहिजे यार. आपल्याकडे मारणारा कोणी नाही." बोलताना नजर मुकुंदरावांच्या पाठीवर. मला ते आवडलं नाही.

१० जून
शिरीषचं ईमेल, सगळ्या टीमला. विषय: ऑफेन्स. सोबत प्रत्येकाच्या हिटिंगचं टेबल, वरून खाली, रंग भरून. चांगले ते हिरवे, वाईट ते लाल. मुकुंदराव तळाला, लालभडक. नोकरी गेलेल्या माणसाला सर्वांदेखत असं रंगवून पाठवायचं, आणि खाली 'नथिंग पर्सनल गाइज'.

मुकुंदरावांनी उत्तर दिलं, 'गुड वर्क, शिरीष.' 

११ जून
ऑफिसात लंचला दार लावून शिरीषला फोन केला. म्हटलं, टेबल चुकलंय. मुकुंदराव जवळजवळ प्रत्येक मॅचला दोनदा-तीनदा फर्स्ट बेसवर उभे असतात, मग तळाला कसे?

"अरे, पण हिट कुठे मारतात? ते वॉक घेऊन जातात."

बरोबर. पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले आणि तुम्ही बॅट न लावता सोडले, की फर्स्ट बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या चारपैकी पहिला टप्पा, मिळतो. त्यालाच वॉक म्हणतात. मुकुंदराव साताऱ्याला कॉलेजच्या टीमचे ओपनर होते, दिवसभर ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडत उभे राहणारे. त्यांना हातभर बाहेरचा चेंडू मारायला लावणं कोणाच्या बापाला जमणार नाही.

"मग ते वॉक कुठे आहेत टेबलात?"

"अवांतरात टाकलेत."

"कशात?"

"अवांतर रे, एक्स्ट्राज. वाइडची रन कधी बॅट्समनच्या नावावर लावतो का आपण?"

 बावीस वर्षं कॅनडात राहून हा माणूस बेसबॉलमध्ये अवांतर धावा लिहितो. वर समजावतो पण मलाच. मुकुंदरावांनी उन्हात उभं राहून मिळवलेलं सगळं एका कोपऱ्यात, कुणाच्याच नावावर नाही. आणि टीममध्ये एकालाही ते खटकलं नाही.

१४ जून, रविवार
आज जिंकलो, तरी संध्याकाळ नासली. मॅचनंतर पिकनिक टेबलाशी वाद. मुकुंदराव मीनाताईंना ग्रोसरीला न्यायचं म्हणून लवकर गेले होते, तेवढंच बरं.

मी शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. म्हटलं, इथे ओव्हर नसतात. चेंडू संपत नाहीत, आउट संपतात. एका इनिंगला तीनच आउट. जो आउट होत नाही तो पुढच्याला खेळायला देतो. तेव्हा टीमचा ऑफेन्स मोजायचा तर कोण किती लांब मारतो ते नको, किती जण बेसवर पोचतात ते बघा. आज आपले रन कधी झाले? मुकुंदराव पुढे बेसवर होते तेव्हाच ना?

"योगायोग," शिरीष.

"पण ते काही करत नाहीत ना रे," बापट म्हणाला. हा स्वतः पहिल्याच चेंडूला आकाशात बॅट फिरवून येऊन बसतो. "नुसते उभे राहतात. लहानपणी आपण लिंबूटिंबू घ्यायचो ना खेळायला, तसं वाटतं."

सगळे हसले. लिंबूटिंबू. पंचावन्न वर्षांचा माणूस, बाकीच्यांपेक्षा आधी येऊन बेसेस मांडणारा. बापटचं तोंड बघवेना. कॉफी तशीच टाकून निघालो.

२१ जून, रविवार
झालं. शिरीषने शेजारच्या वॉन गावच्या टीमशी बोलणं करून टाकलंय. लीगमध्ये कॅनडा डेपर्यंत, म्हणजे एक जुलैपर्यंत, खेळाडूंची अदलाबदल चालते. त्यांचा हरजीत आपल्याकडे, मुकुंदराव त्यांच्याकडे. हरजीत आडदांड आहे, मारला की कुंपणाबाहेर. वॉनचा कॅप्टन इम्रान म्हणाला म्हणे, "हमें कोई ठंडे दिमाग़ वाला चाहिए."

हे सांगताना शिरीषला हसू आवरेना. "गिऱ्हाईक मिळालं." हाच शब्द. जुना सोफा काढतोय जणू.

हात वर करून मत घेतलं. विरोधात मी एकटा. ते ठीक. पण मग शिरीष म्हणतो, "तूच सांग त्यांना. तुझे साडू आहेत, तुझ्याकडून नीट जाईल." म्हणजे कापायचं यांनी आणि पट्टी बांधायची मी. नाही म्हणायला हवं होतं. पण याच्याकडून ऐकून त्यांना काय वाटेल, या विचाराने हो म्हटलं.

२३ जून
सांगितलं. मीनाताईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. ती संपेपर्यंत बोललो नाही.

मुकुंदराव थोडा वेळ चमचा बशीत फिरवत राहिले. मग विचारलं, "बदल्यात कोण?"

"हरजीत."

"चांगला मारतो तो." मग हळूच, "म्हणजे नुसतं काढलं नाही. कोणीतरी मागून घेतलंय."

मी म्हटलं, हो, इम्रानने मागून घेतलंय. त्यांनी मान हलवली. "विवेक, तुला काय वाटतं? मी टीमला भार होतो?"

मी पुन्हा ते सगळं सांगितलं, आउट आणि बेस आणि शिरीषचं अवांतर. अवांतर ऐकून ते हसले, खूप दिवसांनी. म्हणाले, "सोडणं हेही खेळणंच असतं रे. पण ते दिसत नाही." मग रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

निघताना मीनाताई दारात म्हणाल्या, "कंपनीने काढलं ते समजलं, विवेकराव. त्यांना धंदा करायचा असतो. तुमचं काय अडलं होतं?"

 गाडीत सुनीताने रेडिओ लावला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

५ जुलै, रविवार
हरजीत आला. माणूस म्हणून झकास, त्याच्यावर माझा राग नाही. पहिलाच चेंडू ओढ्यापलीकडे. आमचे लोक नाचले, बापटने व्हिडिओ काढला. बेसवर कोणी नव्हतं म्हणून रन एकच. त्यानंतर हरजीत तीनदा उंच मारून झेल देऊन आला. हरलो.

शिरीष म्हणतो, "बट व्हॉट अ हिट." शी.

१२ जुलै
पुन्हा हरलो. शिरीषचं टेबल मात्र आता हिरवंगार आहे. लांब मारणारे वाढले, रन कमी झाले, आणि हे त्याला विचारलं की म्हणतो सॅम्पल साइज लहान आहे. मुकुंदरावांना काढताना नव्हता लहान?

जेवताना बडबडत होतो, तर सई म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ रिक्रिएशनल लीग." तेरा वर्षांची आहे. तिला म्हटलं, तुझ्या काकांसाठी नाही. तिने विचारलं, "देन व्हाय आर यू स्टिल ऑन दॅट टीम?"

खरंच का आहे? पिचर दुसरा नाही, हे एक कारण. दुसरं सापडत नाहीये.

१९ जुलै
पावसाने मॅच नाही. सुनीताला मीनाताईंकडून कळलं, मुकुंदराव वॉनच्या टीमबरोबर बुधवारी प्रॅक्टिसलाही जातात. दाढी रोज करतात. इम्रान त्यांना 'मुकुंद सर' म्हणतो, सगळ्यांत आधी बॅटिंगला पाठवतो. एक इंटरव्ह्यूही दिला, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीच्या कोणत्यातरी कंपनीचा, फोनवर. इतकं बरं वाटलं. आमच्याकडे हे झालं नसतं, हेही लगेच वाटलं, आणि पुन्हा तोंड कडू झालं.

२६ जुलै, रविवार
वॉनशी मॅच. लिहायची इच्छा नाही, पण उद्या डोक्यात काहीतरी भलतंच तयार होईल म्हणून जसं झालं तसं.

शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत. त्यांची बॅटिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट. मी पिचर. आणि बॅट घेऊन मुकुंदराव. वॉक झाला तरी तिसऱ्या बेसवरचा घरी येणार आणि मॅच संपणार.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नेहमीसारखं जमिनीकडे. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले. म्हणजे पुढचा चेंडू बाहेर गेला तर वॉक, आत आला आणि सोडला तर आउट. मागून बापट ओरडला, "आत टाक रे, ते मारणार नाहीत."

मला त्यांना आउट करायचं होतं. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. इतके दिवस मी सगळ्यांशी भांडलो की हा माणूस खरा बॅट्समन आहे, मग त्याला खऱ्या बॅट्समनसारखंच टाकायला हवं होतं. माझ्याजवळचा सगळ्यात चांगला चेंडू टाकला, बाहेरच्या कडेवर. दुसऱ्या कोणीही बॅट घातली असती. हरजीतने तर नक्कीच. त्यांनी नाही घातली. चेंडू चारेक बोटं बाहेर गेला. अंपायर म्हणाला, बॉल फोर.

वॉनवाल्यांनी मुकुंदरावांना उचललं. आमचे लोक माझ्याकडे बघत उभे राहिले.

२७ जुलै
बापटचं ईमेल. विषय: फॅमिली वॉक. आत नुसती हसऱ्या चेहऱ्यांची रांग. शिरीषचा वेगळा फोन, आवाज अगदी मऊ. "विवेक, जस्ट बिट्वीन अस. मुद्दाम होतं ना? इट्स ओके, मी समजू शकतो." समजू शकतो म्हणे. या माणसाच्या समजूतदारपणाची मला किळस आली. नाही म्हटलं, तर म्हणाला, "ओके, ओके."

संध्याकाळी सुनीतानेही विचारलं. तिने विचारावं याचं जास्त लागलं. "दिला असशील तर चांगलंच केलंस," म्हणाली.

२९ जुलै
मुकुंदराव बुधवारच्या प्रॅक्टिसला गेले नाहीत. वॉनमध्येही कोणीतरी गमतीत बोललं, की सर, साडूने मॅच गिफ्ट दिली. मीनाताई सुनीताला सांगत होत्या, पुन्हा बेसमेंटमध्ये बसलेत.

त्यांचा फोन आला. हवापाण्याचं बोलले. मग, "विवेक, एक विचारू? मी सोडला की तू सोडलास?"

म्हटलं, फोनवर नको, येतो.

१ ऑगस्ट, शनिवार
सकाळीच गेलो. मुकुंदराव बॅकयार्डात टोमॅटोंना काठ्या बांधत होते. दुसरं टोक मी धरलं आणि सगळं सांगितलं. कसा टाकला, बोटं कुठे होती, कडेवर का टाकला. तुम्हाला आउट करायला टाकला होता, मुकुंदराव. पूर्ण ताकदीने. तुम्ही तो ओळखलात. मी या सबंध सीझनमध्ये टाकलेला तो सर्वांत चांगला चेंडू होता, आणि तुम्ही तो सोडलात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  गाठ घट्ट केली, सुतळी कापली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू फार चांगला माणूस आहेस, विवेक," म्हणाले.

मी म्हटलं, चांगला बिंगला नाही, खरं सांगतोय. "हो रे, हो," म्हणाले आणि चहाला आत चल म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला नाही. इतका राग मला शिरीषचाही आला नव्हता, आणि तो नक्की कुणावर काढायचा ते कळत नाही.

निघताना विचारलं, उद्या मॅचला जाणार ना? बूट दारातच होते.

"बघू," म्हणाले.