पाचवी उडी

९ फेब्रुवारी
बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही! लेकीनं एकाच कंपनीची गेमची पाचही मशिनं ओळीनं मांडली आहेत. पणजीपासून नातीपर्यंत अख्खं खानदान! तिच्या मासिकात लेख द्यायचा आहे — कंपनीनं दर पिढीत किती मोठी उडी मारली.

मी भाजी निवडत तिथंच बसले. पहिल्यात माणूस म्हणजे चार चौकोन. दुसऱ्यात त्या चौकोनांना तोंड फुटलं, पण बाहुला लाकडीच. "सगळ्यात मोठी उडी हीच, आई." तिसऱ्यात बोटं सुटी झाली. चौथ्यात कपाळावर घाम आला! पाचवं लावलं आणि म्हणाली, "संपलं. आता उडी नाही, नुसती किंमत उडते. चौथं आणि पाचवं जुळ्या बहिणी."

"जुळ्या कुठल्या? इथे भिंतीवरच्या पाटीची अक्षरं वाचता येतात. चौथ्यात तिथं नुसता डाग होता."

तिनं मशीन बंद केलं. पेपर वाचत बसलेले हे घाईघाईनं म्हणाले, "मलाही सारखंच दिसतं. तू आपली भाजी निवड."

१० फेब्रुवारी
जपात मन लागेना. माळ दोनदा पहिल्या मण्यापासून ओढली.

१९ फेब्रुवारी
लेख छापून आला. संपादकांचा फोन — नेमकी नस पकडलीत म्हणे! वाचकही तेच म्हणतात, आम्हालाही फरक दिसत नाही. म्हणजे जगाला दिसत नाही आणि मला एकटीला दिसतो! मी मॅट्रिक झालेली बाई, मासिकाशी काय भांडणार? पण डोळे तर माझेच आहेत.

२१ फेब्रुवारी
दुपारी घरात कुणी नव्हतं. वायर बदलून आधी चौथं लावलं, मग पाचवं. बिघडलं तर काय सांगू! तीच गल्ली, तीच भिंत. पाटीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वहीत उतरवली. 'दोरखंड आणि साखळ्या मिळतील' असं लिहिलंय.

लेक आल्यावर तिला टीव्हीपुढे उभं केलं. "वाच."

"काय वाचू? भिंतीवर गंजासारखा डाग आहे, एवढंच."

वही पुढे केली. तिनं ती नाकाशी नेली. मग एकदम भडकली. "आता तू मला माझं काम शिकवणार?" दार आपटून आत गेली.

हे गेमचं भांडण नाहीच. लेकीला दिसत नाही! हळूहळू गेलं असणार, तिच्याही नकळत. वाचक दूर बसून बघत असतील, लहान पडद्यावर बघत असतील. ही तर दोन हातांवर बसते. सगळं जग फरक नाही म्हणतं, त्यात हिचं झाकून गेलं.

२२ फेब्रुवारी
यांना सांगितलं. पेपरातून मान वर केली नाही. "मला तरी कुठे दिसते ती पाटी? मग मीही आंधळा का?"

"असाल! चला दोघंही."

पुढच्या चौकात डोळ्यांचे नवे डॉक्टर आलेत. दोघांचीही वेळ घेऊन टाकली. हे म्हणाले, "कशाला उगाच खर्च?" काटकसर मी करायची आणि खर्चाचं बोलायचं यांनी! लेक म्हणाली वेळ नाही. शेवटी म्हटलं, निदान बाबांना धरून तरी चल. तेव्हा 'बरं' म्हणाली.

२६ फेब्रुवारी
देवा, नुसता चष्मा निघू दे.

२७ फेब्रुवारी
आधी यांना बसवलं. चष्मा न घालता समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून मोकळे झाले! मग एकदम थांबले. माझ्याकडे बघेनात.

"मग ती पाटी कशी दिसली नाही तुम्हाला?" मी विचारलं.

लेकीचा नंबर आला, पण ती बाकावरून उठली नाही. "आई, मला तपासायला नको. दीड वर्षापूर्वीच तपासलंय. बाबा दर महिन्याला नेतात मला, दुसऱ्या डॉक्टरांकडे." मग माझा हात धरून म्हणाली, "गेलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं जपायचं. लेखात तुझं ऐकायला हवं होतं गं. पण मग मलाच कबूल करावं लागलं असतं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? आईला?"

हे खाली बघत म्हणाले, "ती शाळेत असताना तापानं इस्पितळात होती, तेव्हा तू अन्नपाणी सोडलंस. पाचव्या दिवशी तिच्याच शेजारच्या खाटेवर तुला सलाईन लावलं होतं. दोघींना परत तसं बघायची माझी ताकद नाही."

घरी येऊन तिघांची पानं वाढली. भूक नव्हती. तरी दोघांना दिसेल असं समोर बसून पोटभर जेवले, वर भात मागून घेतला.