मामांच्या कसोटीला उतरलेलं इंजिन

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच वाकतो आहे). तुमची प्रकृती कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे ठणठणीत. फक्त जेवणाच्या टेबलावर रूळ टाकल्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

मागच्या खेपेला तुम्ही माझी छोटी आगगाडी धावताना पाहिलीत आणि म्हणालात, "ही गाडी आहे की शेपटीवर पाय पडलेला उंदीर?" वर अट घातलीत, की ती गाडीसारखी चालेल तेव्हाच या घरात पाऊल टाकीन. उभा जन्म खरी इंजिनं चालवलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? पण मनाला फार लागलं. त्याच दिवशी ठरवलं, इकडचं जग तिकडे झालं तरी बेहत्तर, मामांना या घरात आणायचंच.

तर या इंजिनाच्या पोटात दोन मोटरी आहेत, पुढे एक, मागे एक. दोघींना करंट वेगवेगळा आणि पुरेपूर मिळतो, म्हणून त्या उधळतात. उपाय असा, की वायरी सोडवून करंट आधी एकीतून आणि मग दुसरीतून न्यायचा. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जोर निम्माच येतो (भावंडांत एक बिस्किट मोडून द्यावं तसा). ऐकायला किती सोपं! वायरी जोडायला तापल्या सळईने डाग देताना टेबलावरच्या चादरीला भोक पडलं (त्यावर स्टेशन ठेवलंय, हिला अजून पत्ता नाही). मग मोठ्या थाटात बटण फिरवलं, तर इंजिन जागच्या जागी थरथरायला लागलं. मागच्या मोटरीच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या! एक पुढे ओढतेय, दुसरी मागे. ही दारातून म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलंय. धाप भरपूर, हालचाल शून्य." मी नुसता स्क्रूड्रायव्हर उगारला (तोंडात स्क्रू होते).

पण मी हटतोय कसला! पुन्हा सगळं उघडलं, वायरी पालटल्या, झाकण लावलं. एक स्क्रू उरला, पण त्याच्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. आणि मामा, काय सांगू, गाडी हलली! तुम्ही म्हणायचात ना, गाडी सुटल्याचं प्रवाशाला खिडकीतून कळावं, पाठीला कळू नये? डब्यावर बाटलीचं टोपण काठोकाठ पाणी भरून ठेवलं होतं. थेंब सांडला नाही. खरं सांगतो, मला भरून आलं. तेव्हा आता अट पुरी झाली. निघा.

तुमचा हट्टी भाचा

ता. क. मामींचा फोन आला होता. डोळ्याचं ऑपरेशन इथल्या दवाखान्यात करायचं तुम्ही टाळताय म्हणे. 'भाच्याकडे पट्टी बांधून दिवसभर करू काय?' असं म्हणालात. तर काम तयार आहे. धुक्यात नुसत्या आवाजावर गाडी नेलेल्या माणसाला पट्टीची सबब शोभत नाही.

ता. ता. क. आत्ताच पाहिलं, कपाटाजवळच्या वळणावर इंजिन कुरकुरतं आणि थांबतं. तो उरलेला स्क्रू तिथलाच असावा. कुठून कुरकुरतंय ते माझ्या कानाला काही केल्या उमगत नाही. मी आता हात लावत नाही. तुम्ही येऊन ऐका.