पाचव्या खांबाची बदली

३ तारीख, सोमवार

आणि दादा काहीही म्हणो, मी नोकऱ्या सोडत नाही, नोकऱ्याच मला सोडतात. वीटभट्टीचा मालक पळून गेला तो काय माझ्यामुळे? घरातून निघताना तेही परत उगाळून झालंच. म्हणाला, तुझ्या पायाला भिंगरी आहे, महिनाभर टिकलास तर मिशी काढीन. काढ म्हणावं, वस्तरा मी देतो.

मला इथं आवडलंय. गोऱ्या साहेबांच्या राज्यात बांधलेला रेल्वेचा पूल, खाली रुंद नदी, वरून अजून गाड्या जातात. खोली काठालाच. लोखंडी खाट, आतच नळ, खिडकीतून अख्खा पूल दिसतो. जोडीदार ताडमाड उंच. सगळे त्याला उंट म्हणतात आणि तोही ओ देतो.

४ तारीख, मंगळवार

काम शिकलो. पुलाचे रिवेट, म्हणजे लोखंड जोडणारे जाड खिळे, ढिले झालेत का ते ठोकून बघायचं. गर्डरच्या अलीकडे मी, पलीकडे उंट. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून सगळं बोलणं हातोडीनं. मी एक ठोका देतो. पलीकडे उंटाचं बोट रिवेटवर असतं. रिवेट हलला नाही तर तो दोन ठोके देतो : आहे, पुढे चल. तीन ठोके म्हणजे हात भरून आले, बदली पाठव. मुकादम म्हणाला, उंटाला फक्त तीनच येतात. उंट सोडून सगळे हसले.

पाचव्या खांबावर मात्र हातोडी कमरेला. तिथले रिवेट नुसत्या हातानं चाचपायचे. का, तर मुकादम म्हणे, तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. हे काय उत्तर झालं?

७ तारीख, शुक्रवार

धाकट्या भावाचा फोन. पास झाला! आमच्या घरात वही फाटेपर्यंत वापरणारा तोच पहिला. दादा आता त्यालाही माझ्याकडे कामाला धाडायचं म्हणतोय. मी ठणकावून सांगितलं, फी मी भरतो, तू शिकायचं. या पुलाकडे फिरकायचं नाही.

१० तारीख, सोमवार

चूक झाली का, कळत नाही. दुपारचं ऊन, लोखंड तापलेलं, पाचव्या खांबावर चाचपून बोटं भाजली. म्हटलं, मरू दे, आणि हातोडी काढून एक ठोका दिला. पलीकडून लगेच दोन आले. म्हटलं, उंटही आपल्यासारखाच. मग आम्ही भराभर सगळी ओळ संपवली. शेवटी पलीकडून तीन आले. दमला बिचारा. मी दोन दिले आणि त्याला सोडवायला पलीकडे गेलो.

पलीकडे कुणी नव्हतं. उंट काठावर झाडाखाली बसून टाचेतला काटा काढत होता. म्हणाला, मी कधीचा इथंच आहे.

११ तारीख, मंगळवार

मुकादमाला सांगितलं. त्यानं हातातला चहा खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

नदीत खांब उभा करायचा तर आधी विटांची विहीर बांधतात, म्हणे. माणसं आत उतरून गाळ उपसतात, तशी ती खाली खाली बसते. पाचव्या खांबाची विहीर तिरकी झाली. आत माणसं अडकली. वरच्यांना तीन-तीन ठोके ऐकू येत होते. पण साहेबाला पुराआधी पूल हवा होता. त्यानं वरून चुना आणि दगड ओतायला लावले. वरच्यांना ताकीद दिली, उत्तर द्यायचं नाही. त्यांचे भाऊबंदच होते वर. कुणी दिलं नाही.

साहेबाचं नाव पुलाच्या पाटीवर आहे. त्यांचं कुठंच नाही. ठोके तेवढे आपण अजून वापरतो.

मुकादम ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, दोन दिलेस? अरे, म्हणजे तू बदली कबूल केलीस.

१२ तारीख, बुधवार

नळाच्या पाइपात. तीन.

१३ तारीख, गुरुवार

जेवताना भर उजेडात ताटाच्या खालून. वाटी हलली. उंटाला ते ठोके ऐकू येत नाहीत. पण त्यानं स्वतःचं ताट उचललं आणि बाहेर जाऊन जेवला.

१४ तारीख, शुक्रवार

पळून जायला स्टेशनवर गेलो. रुळात तीन. बाकाच्या लोखंडात तीन. परत आलो. दादा, ऐक, या खेपेला मी नोकरी सोडत होतो. नोकरीच मला सोडत नाही —

१५ तारीख, शनिवार

धाकट्याचा फोन. उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. कुणी सांगितलं? म्हणाला, तूच की. सकाळी फोन केलास, हात भरून आलेत, बदलीला ये म्हणालास. आवाज ओला होता तुझा, सर्दी झाली का?

मी फोन केलाच नव्हता. येऊ नको म्हणून ओरडलो. मध्ये ठोके — तो म्हणाला, मागे कोण ठोकतंय, ऐकू येत नाही, आल्यावर बोलू —

परत लावला. नुसते ठोके.

१६ तारीख, रविवार, सकाळ

पाचव्या खांबावर गेलो. एक ठोका दिला. तोंडानंच विचारलं, मी आलो तर धाकट्याला नाही ना बोलावणार?

दोन आले. आहे, पुढे चल.

उंट आत्ताच्या गाडीनं आमच्या घरी जातोय. धाकटा निघायच्या आत पोचेल. रडतोय, एवढा मोठा माणूस. ही वही त्याच्याजवळच देतो. दादा, मिशी राहू दे, महिना काही झाला नाही. धाकट्याला शाळेतून काढू नको. आईला सांग, लांब काम लागलं.

खाटेच्या पायात आता थांबतच नाहीत — येतो म्हटलं ना —

फीचे पैसे उंटाजवळ. मोजून घे. चार हजार तीनशे आणि वर —