तुझ्या पहिल्या घागरीला मी घरी नाही

प्रिय सिंधू,

आज अखाजी, अक्षय्य तृतीया. तू गेल्यानंतरची आज तुझी पहिली घागर, आणि मी घरी नाही. नाशकात एका कॉलेजच्या फाटकाबाहेर गुलमोहराखाली बसलोय. आत आपली नात, ईश्वरी, आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेला बसली आहे. तिकडे जळगावात आपल्या लेकानं, संजयनं, लाल घागर पाण्यानं भरली असेल, वर डांगर, तुझं आवडतं खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवल्या असतील. निखाऱ्यावर घास टाकताना तुझं नाव घेतील. म्हटलं, तिथं नाही तर नाही, इथून चार ओळी तरी लिहाव्यात. रागावलीस का गं?

खरं सांगू? मला काही वाटतच नाहीये. घागर मीच आणली बाजारातून. तुझ्यासारखी बोटानं वाजवून पाहिली, पक्की निघाली. पिशवीत घालून घरी आलो, भाजी आणावी तसा. डोळ्याला पाणी नाही.

शाळेतल्या कविता मी मोठ्यानं म्हणायचो आणि तू आतून ओरडायचीस, "व्हयनं का तुमनं गानं? चहा थंडा व्हयी राह्यना!" आता एखादी ओळ सुरू होते आणि मधेच बंद पडते. पुढचं आठवत नाही, आणि त्याचंही काही वाटत नाही.

शेवटच्या महिन्यांत तू खाटेवर आणि नात समोर स्टुलावर. चित्रकलेच्या शिकवणीच्या सरांनी सांगितलं होतं, घरातली माणसं, भांडी, जे दिसेल ते काढा. मग काय! एक डोळा मिटून, हात लांब करून ती पेन्सिलीनं तुझं नाक मोजायची. "आजी, हलू नको ना!" "हालीसन कथं जासू वं माय?" असं म्हणून तूच हसायचीस. मग कागद बघून म्हणायचीस, "मनं नाक इतलं मोठं शे का वं?" मीही हसायचो तेव्हा. कसा हसायचो, कोण जाणे.

पण एका गोष्टीचा तुझ्यावर राग आहे. पोरीच्या मनात आर्किटेक्चर, संजयच्या मनात कॉम्प्युटर. "घरं बांधायला गवंडी नाहीत का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोरीनं तुझ्याकडे गाऱ्हाणं केलं, तेव्हा माझ्यासमोर तू म्हणालीस, "मी सांगसू तुना बापले. तू चित्रं काढ." ती काढत राहिली. केळीचे घड, बसस्टँडवरची गर्दी, गच्चीवरून दिसणारं अंगण. आणि तू? त्याला न सांगताच गेलीस! असं अर्ध्यात सोडतात का पोरीला?

पुढे परीक्षेची तारीख आली ती नेमकी अखाजीची, आणि केंद्र नाशिक. संजय म्हणाला, "आईची पहिली घागर आहे. घरातली पोर त्या दिवशी बाहेर जाणार नाही. लोक काय म्हणतील? आणि दुसरी शिक्षणं नाहीत का जगात?" ईश्वरी पेन्सिलीला टोक करत बसली. टोक मोडायचं, ती पुन्हा करायची. संजय वाईट नाही गं. तोही तुझ्याचसाठी अडून बसला होता.

तू गेल्यापासून मी घरात 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "संजय, अखाजी गेलेल्यांची, तशी पोरींचीही. तुझी आई पिंपळनेरला माहेरी जायची तेव्हा तिला कोणी काम सांगत नसे. झोके, गाणी, नुसतं हुंदडणं. या सणाला पोरीला कोणी अडवत नाही. आईच्या घागरीसाठी तिच्याच नातीला अडवलंस, तर ते पाणी तिला गोड लागेल का?"

तो मग म्हणाला, "सोबत कोण जाणार? घागर तर मला भरायचीय."

"मी जातो."

"नाना, तुम्ही? अहो, आईची घागर, आणि तुम्हीच नाही?"

"घागर मुलानं भरायची. मी नुसता बसणार होतो. तिकडे बसेन."

तर बसलोय.

इथवर लिहिलं आणि पेपर सुटला. ईश्वरी आली, बोटं काळी, कपाळावरही काळं. "नाना, चित्र पुरं झालं! रंग थोडा राहिला." लगेच घरी फोन लावला. "पप्पा, घास टाकला आजीचा?" पलीकडून संजयचा आवाज मला इथवर ऐकू आला, "टाकला, टाकला. आधी सांग, पेपर कसा गेला?" आधी पेपर विचारला त्यानं, सिंधू! मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी चष्मा पुसला, इतकंच.

मग डबा उघडता उघडता पोर म्हणाली, "पाच वर्षं लागतात हं नाना. मग मी बांधलेलं पहिलं घर आधी तुम्ही बघायचं. असाल ना?"

 तू गेल्यापासून मी सकाळी उठतो ते फक्त जाग येते म्हणून. पाच वर्षांचा विचार कुठून करू? ती मात्र घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खाईचना.

"असेन," म्हणालो. तेव्हा जेवली.

आता तिला शब्द दिलाय, तर तुलाही सांगून ठेवतो. ती ज्या गावाला शिकायला जाईल, तिथं तिला पोचवायला मी जाईन, सुट्टीला आणायलाही मीच. मनाला काही वाटो न वाटो, गोळ्या वेळेवर घेईन, दोन वेळा जेवेन. तिचं पहिलं घर बघून होईपर्यंत मला बोलावू नकोस, सिंधू. बोलावलंस तरी मी येणार नाही.

तुझा,
ईश्वरीचा नाना