ती माफी माझी नव्हती

आबा,

तुंगार्लीच्या बंगल्यावर जाऊन तुम्ही माझ्या वतीने जी माफी मागितलीत, ती मला तेव्हा मान्य नव्हती आणि आजही नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी हे तोंडावर सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहिते आहे.

आपलं गॅरेज मुंबई-पुणे रस्त्याला लागून, घाट संपतो तिथून थोडं पुढे. खंडाळ्याची चढण चढून आलेल्या गाड्या आपल्या दारात वाफ सोडत उभ्या राहायच्या. दादाला रेल्वेत नोकरी लागली, तो कल्याणला गेला, आणि तुमची नजर अधू होत चालली होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. तुम्ही एक दिवस माझ्या हातात पाना दिलात. बोलणारे बोललेच. पोरीच्या जातीला गाडीखाली झोपवतोस, असं एक जण दारात येऊन म्हणाला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोरगी माजी हाय, पाना माजा हाय. तुमचं काय हाय हितं?" मला तो दिवस अजून लख्ख आठवतो.

त्या साहेबांची हिरवी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा आपण दोघंही कामं सोडून बघत राहिलो. दोन माणसांची, वर छप्पर नाही, जमिनीला चिकटून बसलेली. साहेब मुंबईचे, शनिवार-रविवार तुंगार्लीच्या बंगल्यात राहायचे, आणि घाटाखाली जुन्या धावपट्टीवर शर्यती लागल्या की ही गाडी घेऊन जायचे. एरवी महिनाभर रस्त्यावर फिरवली तरी इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरची पातळी जागची हलायची नाही. शर्यतीहून परतली की निम्मं तेल गायब. तुम्ही म्हणायचात, "इंजिन तेल पितंय म्हंजे आतून झिजलंय." एकदा आपण ते उघडलंसुद्धा. पिस्टनच्या रिंगा ठीक, सिलिंडर ठीक. मी म्हटलं, आबा, तिथं ते दिवसभर किंचाळत असतं, तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं, रिंगांना चुकवून वर चढतं नि जळून जातं. वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आणखी ओढलं जातं. मागचा निळा धूर तोच. तुम्ही हात पुसत म्हणालात, "आसंल," आणि पुढच्या शर्यतीपासून सोबत तेलाचा डबा न्यायला लागलात.

त्या रविवारी तुम्हाला ताप होता. तुम्ही अंथरुणावरून मला सांगितलंत, "तू जा. दर खेपेला पट्टी बघ. तेल कमी झालं तर साहेबाला सांग, आन बाजूला हो." मी साहेबांच्या मोठ्या गाडीतून, ड्रायव्हरशेजारी बसून घाट उतरले. धावपट्टीवर रिकामे ड्रम मांडून वळणं केली होती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सकाळच्या दोन्ही शर्यतींनंतर मी पट्टी काढली आणि तेल घातलं. दुसऱ्या खेपेला डबा तळाला गेला. मी ड्रायव्हरला तेल आणायला पिटाळलं. तो येण्याआधीच साहेब सरावाच्या फेऱ्या मारून आले, मागे निळा पडदा सोडत. मी पट्टी ओढून पाहते तर टोकाला नुसता ओलसर डाग.

मी सांगितलं. साहेब हातमोजे चढवत म्हणाले, "पाच फेऱ्यांचा तर प्रश्न आहे."

"तेल येतंय. तोवर थांबा."

"शर्यत थांबत नाही, बाई. बॉनेट लाव."

मी म्हटलं, "इंजिन कोरडं पडून आतून घट्ट धरलं, तर मागची चाकं जागच्या जागी जाम होतील. वेगात गाडी उलटेल."

त्यावर ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुझे वडील सांगतात आणि गप्प बसतात. ते शिकून घे."

मी बॉनेट वर धरून उभी राहिले. दोन्ही हातांनी. पत्रा तापून पोळत होता. आजूबाजूचे मेकॅनिक, मालक, त्यांच्या बायका, सगळे बघताहेत. साहेब उतरले, माझ्यासमोर आले, पण बाईमाणसाच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून थबकले. तेवढ्यात झेंडा पडला आणि बाकीच्या गाड्या सुटल्या. ड्रायव्हर डबा घेऊन आला तेव्हा शर्यत संपत आली होती.

संध्याकाळी तुम्हाला माझ्याआधी ड्रायव्हरकडून कळलं. तुम्ही उठून बसलात.

"मी तुला सांगाय पाटवलं व्हतं. आडवाय न्हाई."

"सांगून ते ऐकत नव्हते."

"मंग त्याची गाडी, त्याचं इंजिन."

"आत माणूस होता, आबा."

"पाच फेऱ्या निगाल्या असत्या. तुला काय ठावं, इंजिन धरलंच असतं म्हनून?"

"ठाऊक नाही. तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी सकाळीच, साहेब मुंबईला निघायच्या आत, अंगात ताप असताना घोंगडी पांघरून तुंगार्लीला चालत गेलात आणि साहेबांपुढे हात जोडलेत. पोर अडाणी आहे, पुन्हा असं होणार नाही, म्हणालात. मला हे त्यांच्या माळ्याने सांगितलं. साहेबांनी तरीही गाडी पुण्याच्या गॅरेजात लावली.

आबा, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव गाठोड्यात बांधून तुम्ही इंद्रायणीत सोडलेत, तेव्हा काठावर गावातली किती माणसं जमली होती. कुणी शिव्या दिल्या, कुणी वाळीत टाकायची भाषा केली. तुम्ही पाण्यातून ताठ चालत बाहेर आलात आणि मला म्हणालात, आता कुणाफुडं वाकायचं न्हाई. मी लहान होते, पण ते ऐकलं आणि खरं मानलं. मग बंगल्याच्या पायरीवर कोण वाकलं होतं? तुम्हाला पोट होतं, गॅरेज होतं, माझ्या लग्नाची काळजी होती. हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून पटलं असं होत नाही. हात जोडायचेच होते तर स्वतःसाठी जोडायचे. माझ्या नावावर नाही. ती माफी मी त्या साहेबांकडून परत घेते आणि तुमच्याकडूनही.

तुमच्यामागे गॅरेज मीच चालवलं. बंगलेवाले बरीच वर्षं फिरकले नाहीत. ट्रकवाले यायचे, त्यांना पाना कुणाच्या हातात आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. आता जोरात पळणाऱ्या गाड्यांचा जमाना आला आहे. पोरं शर्यतीच्या मैदानावर दिवसभर गाडी पिळतात आणि माझ्याकडे येऊन काळजीने विचारतात, मावशी, नवीन गाडी तेल का खाते? मी समजावते. ज्याला घाई असते आणि पट्टी कोरडी असते, त्याची चावी मी देत नाही. परवाच एक जण पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, बोलाव, ते येईतो तेल घालून होईल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. माझा मुलगा आता माझ्याबरोबर काम करतो. हुशार आहे, हात चांगला आहे. मी काहीही म्हटलं की म्हणतो, "आई, तू म्हणशील तसं." कधी उलटून बोलत नाही, मी तुमच्याशी बोलायची तसं. त्याने तसं म्हटलं की मी जेवणाचा डबा घेऊन मागच्या बाजूला जाऊन बसते, आणि मला तुमची फार आठवण येते.